तेल कंपनीचे, बादली मच्छीमाराची

४ डिसेंबर २०२३ रोजी 'मिचौंग' चक्रीवादळाने चेन्नई शहर झोडपून काढले. रस्ते, घरे, गिरण्या-कारखाने पाण्याखाली गेले. ते पाणी ओसरायच्या आतच शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या एन्नोरच्या खाडीवर काळे, चिकट तेल तरंगू लागले. मणली येथील चेन्नई पेट्रोलियम कॉर्पोरेशनच्या रिफायनरीच्या आवारातून ते पुराच्या पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यात उतरले, तिथून कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी खाडीत आणि खाडीतून समुद्रात. तटरक्षक दलाने विमानातून पाहणी केली तेव्हा तवंग सुमारे २० चौरस किलोमीटरवर पसरलेला होता. कंपनीचे पहिले म्हणणे काय, तर आमच्या पाइपलाइनमधून गळती झालेलीच नाही! पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नई खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसे आत गेली. तेव्हा आवारातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था अपुरी होती हे कागदावर आले.

मग सफाई सुरू झाली. ती कोणी केली? काट्टुकुप्पम आणि शेजारच्या वाड्यांतल्या मच्छीमारांनी. स्वतःच्या फायबरच्या होड्या काढून, मग आणि बादल्या घेऊन त्यांनी ते तेल पाण्यावरून उपसले. कित्येकांच्या हातात मोजे नव्हते, तोंडाला फडके बांधलेले एवढेच. एखाद्या कारखान्यात मालकाने कामगाराला उघड्या हातांनी तेलाच्या गाळात उतरवले असते तर आपल्या युनियनने दुसऱ्या दिवशी गेटसभा घेतली असती. इथे ते झाले नाही, कारण हा माणूस कुणाच्या हजेरीपटावर नाही.

त्यानंतर तमिळनाडू सरकारने मदत जाहीर केली. २,३०१ मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये, ७८७ होड्यांना प्रत्येकी १०,००० रुपये आणि आसपासच्या ६,७०० कुटुंबांना प्रत्येकी ७,५०० रुपये. सारे मिळून ८ कोटी ६८ लाख. आकडा मोठा वाटतो, म्हणून जरा गिरणीकामगाराच्या पद्धतीने हिशेब करू. तेलाने माखलेले जाळे टाकून द्यावे लागते. खाडीतली कोळंबी, खेकडे, बोय परत यायला वेळ लागतो. आणि ती परत आली तरी 'एन्नोरचा मासा' म्हटल्यावर गिऱ्हाईक पाटीवरून हात मागे घेते. तीनच महिने धंदा बुडाला असे धरले तरी १२,५०० रुपयांचे रोजाला १३९ रुपये होतात. तेवढ्यात कुटुंब जगवायचे आणि नवे जाळेही घ्यायचे. दुसऱ्या बाजूला २०२२-२३ या एका वर्षात त्या कंपनीचा निव्वळ नफा साडेतीन हजार कोटी रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिवसाला साडेनऊ कोटी. हजारो कुटुंबांना मिळून जे जाहीर झाले ते कंपनीच्या एका दिवसाच्या नफ्याइतकेही नाही. आणि ते जाहीर केले सरकारने.

आमचा पहिला आक्षेप शब्दावरच आहे. याला 'मदत' का म्हणायचे? मदत पूरग्रस्ताला देतात, दुष्काळग्रस्ताला देतात. ती देणाऱ्याची मर्जी असते आणि घेणाऱ्याने हात जोडायचे असतात. ज्याच्या कामाची जागा आणि कामाचे साधन दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे नासले, त्याला जे द्यायचे ते देणे असते. थकलेल्या पगारासारखे वसूल करायचे देणे. आणि हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. भोपाळनंतर दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील वायुगळतीच्या खटल्यात, १९८६ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते. वादळ आले, भूकंप झाला, तिसऱ्यानेच केले, असली कोणतीही सबब त्याला चालत नाही. आणि भरपाई ठरवताना त्या उद्योगाची ऐपत पाहायची. उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. जवळजवळ ४० वर्षे हा देशाचा कायदा आहे. मग मणलीच्या तेलाला वादळाची सबब कशी चालते आणि भरपाई सरकारी मदतीच्या दराने कशी ठरते?

कोणी म्हणेल, एखादा अपघात झाला म्हणून इतका आरडाओरडा कशाला. पण एन्नोरला हा काही पहिला अपघात नव्हता. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे कामराजर बंदराबाहेर 'डॉन कांचीपुरम' आणि 'बीडब्ल्यू मेपल' या दोन जहाजांची टक्कर झाली आणि जड इंधन तेल समुद्रात सांडले. त्याच दिवशी बंदराने पत्रक काढले की तेलप्रदूषणासारखे पर्यावरणाचे काहीही नुकसान नाही. एकदोन दिवसांत एन्नोरपासून मरीनापर्यंत आणि त्याच्याही दक्षिणेला काळा गाळ किनाऱ्याला लागला. देशाकडे १९९६ पासून तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्कालीन योजना आहे. पण प्रत्यक्षात गाळ इतका घट्ट की शोषून घेणारी यंत्रे निकामी ठरली, आणि महानगरपालिकेचे सफाई कामगार, मच्छीमार व विद्यार्थी यांनी दगडांच्या फटींतून बादल्यांनी तो उपसला. जवळजवळ सात वर्षांनी पुन्हा तीच बादली. आणि २०२३ चे तेल पुरते धुऊन निघायच्या आत, २६ डिसेंबरच्या मध्यरात्री, कोरोमंडल इंटरनॅशनलच्या खत कारखान्याकडे येणाऱ्या समुद्राखालच्या पाइपलाइनमधून अमोनिया सुटला. पेरियकुप्पमची माणसे पोरांना काखोटीला मारून झोपेतून उठून पळाली, कित्येकांना इस्पितळात न्यावे लागले. त्यांनी गावात मांडव घालून जे धरणे धरले ते आठवडेच्या आठवडे चालले. औष्णिक वीज केंद्राच्या गळक्या पाइपांतून खाडीत वर्षानुवर्षे बसलेल्या राखेचे प्रकरण तर वेगळेच, तेही हरित लवादापुढे गेलेले.

इतके सारे एकाच खाडीच्या वाट्याला का आले? कारण तिथे राहणाऱ्याची गणना कुणीच करत नाही. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने चेन्नई बंदरातली कोळसा आणि लोहखनिजाची हाताळणी बंद झाली. शहराच्या फुप्फुसात धूळ जात होती हे खरेच होते. पण कोळसा नाहीसा झाला का? तो एन्नोरला गेला. चेन्नई बंदराच्या कामगाराचे काम गेले आणि एन्नोरच्या ताटात धूळ आली. दोघांनाही कोणी विचारले नाही. पुढे शेजारचे काट्टुपल्ली बंदर २०१८ साली अदानी समूहाकडे गेले आणि ते ३३० एकरांवरून ६,११० एकरांपर्यंत फुगवण्याचा प्रस्ताव आला. माहितीच्या अधिकारातून तर असेही पुढे आले की १९९६ च्या मंजूर नकाशात जी खाडी ठळक दिसते, ती नंतर परवानग्यांसाठी वापरलेल्या नकाशात जवळपास गायब आहे. सातबारावरून कुळाचे नाव उडवणारे तलाठी आपण पाहिले आहेत. पण नकाशावरून अख्खी खाडी उडवणे ही कला नवीनच म्हणायची.

आता आपल्या महासंघाच्या वाचकाला प्रश्न पडेल की हा मच्छीमारांचा आणि पर्यावरणवाद्यांचा विषय, कामगार चळवळीच्या पानावर कशासाठी? त्याचे उत्तर चेन्नईच्याच वाळूत आहे. या देशातला पहिला मे दिन १ मे १९२३ रोजी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर साजरा झाला. तो साजरा करणारे सिंगारवेलर हे मच्छीमार कुटुंबात जन्मले होते. वकिली करत होते, असहकाराच्या काळात त्यांनी ती सोडली, आणि लाल बावटा ज्या वाळूवर उभा केला ती त्यांच्या जातभाईंच्या होड्या ओढण्याची वाळू होती. तेव्हा मच्छीमार वेगळा आणि कामगार वेगळा असे कुणाला वाटले नाही. वेगळेपण आपण नंतर शिकलो. ज्याला मालक आहे तो कामगार, ज्याला मस्टर आहे तो कामगार. ज्याचा मालक समुद्र आहे आणि ज्याची पाळी भरतीओहोटी ठरवते, तो आपल्या लेखी 'स्थानिक', 'प्रकल्पबाधित' किंवा मोर्चात संख्या वाढवायला बोलावण्यापुरता 'मित्र'. पुलिकतच्या सरोवरात मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या 'पाडू' नावाची पद्धत चालवली आहे. कोणत्या जागी, कोणत्या दिवशी, कोणी जाळे लावायचे याची पाळी ठरलेली. पाळी, काम वाटून घेणे, कुणाच्या ताटातले न ओढणे. ही युनियन नाही तर काय आहे?

कायद्याने त्यांना काय दिले हेही पाहू. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो.  त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासमध्ये काय घडले? मरीना सुशोभित करायची म्हणून सरकारने कट्टुमरम आणि जाळी किनाऱ्यावरून उचलायला पोलीस पाठवले, मच्छीमार आडवे आले आणि गोळीबारात माणसे मेली. निकालातला हक्क वाळूपर्यंत पोहोचला नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा त्याच किनाऱ्यावर, नोचिकुप्पमच्या लूप रोडवर मासळी विकणाऱ्या बायकांमुळे वाहतूक अडते म्हणून उच्च न्यायालयाने स्वतःहून आदेश काढले आणि बुलडोझर आले. रस्ता कोळीवाड्यातून काढला होता, कोळीवाडा रस्त्यात आलेला नव्हता. बायका रस्त्यावर बसल्या, तेव्हा कुठे पुढे, २०२४ साली, बाजार बांधून मिळाला.

समुद्रकिनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, आणि त्याच वर्षाच्या जुलैत नवे आर्थिक धोरण आले. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्याला एका हाताने संरक्षण दिले आणि दुसऱ्या हाताने त्याच पट्ट्याकडे भांडवलाला वाट करून दिली. ही अधिसूचना संसदेचा कायदा नव्हे, मंत्रालयाचे पत्रक आहे. पत्रकाने दिलेले पत्रकाने काढता येते. १९९१ च्या अधिसूचनेत वीसहून जास्त वेळा दुरुस्त्या झाल्या, २०११ साली ती बदलली, २०१९ साली पुन्हा बदलली आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरवर आला. आदिवासींना निदान २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते ते जव्हार-मोखाड्याला विचारा, पण हक्क म्हणून कायद्यात लिहिलेला तरी आहे. किनाऱ्यासाठी तसा कायदा संसदेने केलेला नाही.

तरीही एक निकाल असा आहे की जो प्रत्येक युनियनच्या कार्यालयात भिंतीवर लावायला हवा. तमिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी नागपट्टणम भागातल्या कोळंबी शेतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. भांडवली कंपन्यांनी भातखाचरे विकत घेऊन खाऱ्या पाण्याची तळी केली, विहिरी खारट झाल्या, गावची माणसे किनाऱ्यावर जायची वाट कुंपणाने बंद झाली. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निकाल दिला: किनारा नियमन क्षेत्रातली ही तळी बंद करा, प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, बाधितांना भरपाई द्या. एवढे सगळ्यांना माहीत असते. जे सहसा सांगितले जात नाही ते असे: बंद होणाऱ्या तळ्यांवर वर्षभर सलग नोकरी केलेल्या कामगारांना औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे कपातीची भरपाई द्यावी, आणि त्यावर आणखी सहा वर्षांचा पगार द्यावा, असाही आदेश त्याच निकालात होता.

सहा वर्षांचा पगार! मासे हवेत की नोकऱ्या, असा प्रश्न ज्यांनी ज्यांनी आपल्यापुढे टाकला त्यांना हे उत्तर आहे. न्यायालयाने कोळंबी कामगाराला मच्छीमाराविरुद्ध उभे केले नाही. दोघांचे बिल एकाच मालकाच्या टेबलावर ठेवले. मालकाने निसर्ग फुकट वापरून नफा कमावला, तर तो बंद होताना नासलेल्या जमिनीची किंमतही त्याने द्यावी आणि ज्यांच्या श्रमावर तो उभा राहिला त्यांचीही. यापेक्षा सरळ न्याय तो कोणता? मग काय झाले? पुनर्विचार अर्ज झाले, अंमलबजावणी रखडली, आणि २००५ साली संसदेने किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा करून किनारा नियमनाच्या कचाट्यातून कोळंबी उद्योगाला मोकळे केले. त्या प्राधिकरणाचे मुख्यालय कुठे आहे? चेन्नईतच. मच्छीमाराचा हक्क कायद्यात लिहायला संसदेला सवड झाली नाही, कोळंबीवाल्यांसाठी मात्र ती झाली. त्या वेळी मध्यवर्ती कामगार संघटनांनी सहा वर्षांच्या पगाराच्या त्या आदेशासाठी देशभर एक दिवस जरी काम बंद ठेवले असते, तरी तो इतक्या सहज पुसला गेला नसता असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. न्हावा-शेवा बंदरामुळे हनुमान कोळीवाडा, उरण कोळीवाडा, गव्हाण कोळीवाडा आणि बेलपाडा कोळीवाडा येथील खाड्या भरल्या, होड्यांच्या वाटा बंद झाल्या. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला; जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्यात तो बोजा वाटून दिला. कुटुंबामागे सुमारे ५ लाख ८४ हजार. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, म्हणजे कोळ्याच्या हातात रुपया पडायला पुन्हा वकिलाची पायरी आली. पण तो आकडा पाहा आणि एन्नोरचे १२,५०० पाहा. उरणला खाडी कायमची गेली आणि एन्नोरला एक गळती झाली, फरक आहे हे मान्य; तरी इतका? उरणला दावा मांडणारे कोळी होते आणि नुकसान मोजणारे न्यायासन होते. एन्नोरला सरकारने आपल्या मनाने दर ठरवला. डहाणूचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाने, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ साली वाढवणचे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवणला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली. समुद्र तोच, मासे तेच, कायदाही तोच. फिरली ती फक्त सरकारची नजर.

आता जरा अवघड गोष्ट बोलू. एन्नोरचे तेल कोण्या खासगी भांडवलदाराचे नव्हते. ती रिफायनरी सार्वजनिक क्षेत्रातली, इंडियन ऑइलची उपकंपनी. कामराजर बंदर सरकारी, वीज केंद्र सरकारी. सार्वजनिक क्षेत्र विकायला निघालेल्या सरकारांशी आपण १९९१ पासून झगडत आहोत आणि पुढेही झगडू. म्हणूनच कित्येकदा आपल्या माणसांना वाटते की सरकारी कंपनीविरुद्ध बोललो तर खासगीकरणवाल्यांच्या हातात कोलीत मिळेल. हा विचार घातक आहे. सार्वजनिक म्हणजे जनतेचे. आणि एन्नोरचा मच्छीमार जनतेत मोडत नसेल तर त्या शब्दात उरले काय? ज्या दिवशी ही कंपनी विकायला काढतील त्या दिवशी गेटबाहेर आपल्याबरोबर कोण उभे राहणार? काट्टुकुप्पमचा माणूस उभा राहील का? आज त्याला विचारले तर तो म्हणेल, विका किंवा ठेवा, माझ्या खाडीत तेल तेवढे सोडू नका.

आणि गेटच्या आतल्या कामगाराकडे एक गोष्ट अशी आहे जी ना लवादाकडे आहे ना मंडळाकडे. कोणते गटार पावसाळ्यात तुंबते, कोणत्या टाकीचा बांध खचला आहे, तेलमिश्रित पाण्याचे तळे कधी काठोकाठ भरते, हे त्याला आधी कळते. २०१७ साली बंदराने नुकसान नाही म्हणून सांगितले, २०२३ साली कंपनीने गळती नाही म्हणून सांगितले. दोन्ही वेळा आत काम करणाऱ्या कोणाला तरी खरे दिसत असणार. त्याने बोलायची सोय कायद्यात आहे. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात जे नवे प्रकरण घातले गेले, त्यात कलम ४१-बी खाली धोक्याची माहिती कामगारांना आणि कारखान्याच्या शेजारच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले, ४१-जी खाली कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली आणि ४१-एच ने धोका दिसताच तसे बजावण्याचा हक्क कामगाराला दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तो जुना कायदा गिळला. त्या संहितांशी आपले भांडण जगजाहीर आहे, पण सुरक्षा समिती तिथेही आहे. या समितीच्या किती बैठकांत आजवर गेटबाहेरच्या खाडीचा विषय निघाला? हेल्मेट, बूट, साबण, दूध यांवर आपण इतिवृत्तांची पाने भरली, आणि ते योग्यच केले. मग गटाराचे तोंड कुठे उघडते हा प्रश्न त्याच वहीत का नसावा? कंत्राटी कामगाराला बोलण्याची भीती वाटते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर कायम कामगाराने आणि युनियनने आधी बोलायचे असते.

बाहेरच्या जगात याला मानवी हक्कांचे नाव मिळाले आहे. २८ जुलै २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. मे २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने सांगितले की हवेत सोडलेले हरितगृह वायूसुद्धा समुद्राचे प्रदूषणच. चांगले आहे. पण आमसभेचा ठराव काट्टुकुप्पमच्या होडीवरचे तेल पुसत नाही.

एकजुटीने काय होते ते आपण एकदा पाहिले आहे. परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतल्या खोल समुद्रातल्या जहाजांना परवाने देण्याचे धोरण आले तेव्हा, १९९४ पासून, थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय मच्छीमार संघटनेने किनाऱ्यावरचे बंद पुकारले. लहान होडीवाले आणि यांत्रिक बोटवाले, जे एरवी एकमेकांची जाळी कापतात, ते एका बाजूला आले. मासळी प्रक्रिया कारखान्यांतले कामगारही त्यांच्या बाजूने बोलले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली, १९९६ साली समितीने परवाने रद्द करण्याची शिफारस केली आणि पुढच्या वर्षी ती सरकारने मान्य केली. उदारीकरणाच्या ऐन भरात सरकारला हात मागे घ्यायला लावणारे लढे मोजकेच झाले, त्यातला हा एक. आणि तो गिरणीत झाला नाही, समुद्रावर झाला.

म्हणून आमची मागणी ठरावापुरती नाही. हरित लवाद कायदा, २०१० च्या कलम १५ खाली भरपाई मागता येते आणि कलम १८ प्रमाणे पीडित व्यक्तीबरोबरच प्रातिनिधिक संस्थेलाही अर्ज करता येतो. म्हणजे युनियनला करता येतो. मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क भरावे लागते, दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते माफ आहे. मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षे, म्हणजे एन्नोरच्या तेलगळतीसाठी डिसेंबर २०२८. लवादापुढे तोंडी हुंदका चालत नाही, कागद लागतो: होडीची नोंदणी, सोसायटीचे खाते, लिलावाच्या पावत्या, डिझेलची बिले, जाळे घेतल्याची पावती. ज्यांच्याकडे यातले काहीच नसते त्या पाटीवर मासळी विकणाऱ्या बायका. त्यांची नावे सरकारी यादीत बहुधा नवऱ्याच्या होडीमागे लपतात, आणि स्वतःची होडी नसलेली, विधवा किंवा मजुरीने मासळी सोलणारी बाई तर यादीत येतच नाही. त्यांची प्रतिज्ञापत्रे करून घ्यावी लागतील, एकेक घर फिरून, तमिळ जाणणाऱ्या कार्यकर्त्याला बरोबर घेऊन. मणलीच्या रिफायनरीतील आणि दोन्ही बंदरांतील युनियननी यासाठी प्रत्येकी दोन माणसे सहा महिने मोकळी करावीत, आणि त्यांचा पगार महासंघाच्या निधीतून द्यावा.